बारावी पीसीबी झाली, लॅबचं शिकावं का? कोकणातल्या लॅबवाल्यांनी प्लीज सांगा

देवगडची_मुलगी

नमस्कार सगळ्यांना. मी देवगड तालुक्यातली, यंदा बारावी सायन्स झाले, पीसीबी, ६४ टक्के. नीट दिली होती पण मार्क एवढे नाहीत की कुठे काही मिळेल, आणि परत वर्षभर क्लास लावायला पैसे नाहीत, यंदा कलमांना मोहोर आला पण फळ टिकलंच नाही. घरी रोज तोच विषय. बाबा म्हणतात डी.फार्म कर, आई म्हणते नर्सिंग कर, आणि मे महिन्यात मुंबईचे काका आलेले ते म्हणाले लॅबचं काय घेऊन बसलीस, दिवसभर लोकांचं रक्त नि लघवी हातात, उद्या स्थळं कशी येणार.

मला लॅबचंच करायचं आहे. कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आजीला ताप आला, लावणी चालू होती, आम्हाला वाटलं भिजली म्हणून. चौथ्या दिवशी पोटऱ्या एवढ्या दुखायला लागल्या की उठवेना, डोळे लाल. रक्त देऊन घरी आलो तर दुपारी हॉस्पिटलमधून फोन, लगेच घेऊन या, क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे किडनीवर ताण. तिथून डॉक्टरांनी ओरोसला जिल्हा रुग्णालयात पाठवलं. लेप्टो निघाला, पावसात चिखलपाण्यातून होतो तो ताप. आजी वाचली, आता परत परसात काम करते. नंतर कळलं की रिपोर्ट छापायच्या आधीच लॅबमधल्या सरांनी स्वतः वर जाऊन डॉक्टरांना सांगितलं होतं. त्या सरांना आम्ही नीट बघितलं पण नव्हतं, खिडकीतून फक्त हात दिसलेला. तेव्हापासून डोक्यात हेच आहे.

आता प्रश्न. डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमा, करू की डिग्री? जवळच्या शहरात एक संस्था आहे ते म्हणतात सहा महिन्यांत डीएमएलटी, नोकरीची गॅरंटी, फी पण कमी, ते खरं असतं का? सगळं मशीनच करतं तर पुढे माणसं लागणार का? आणि शिकून कोकणातच राहता येईल का की मुंबई-पुण्यालाच जावं लागतं? जे खरं असेल ते सांगा, वाईट असेल तरी चालेल.

स्लाईडवाला_कुडाळ

तुझ्या आजीचं वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो. मी सिंधुदुर्गातच सरकारी रुग्णालयात लॅब टेक्निशियन, १६ वर्षं झाली. काकांना एक गोष्ट सांग माझ्याकडून. पावसात ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी माणूस येतो, लेप्टोची आयजीएम, म्हणजे अँटीबॉडीची टेस्ट, करतो, निगेटिव्ह येते, घरचे म्हणतात चला सुटलो. पण अंगात अँटीबॉडी दिसण्याइतक्या व्हायलाच पाच-सात दिवस जातात, त्याच्या आधी लेप्टो असला तरी ती टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून आम्ही रक्त घेतानाच विचारतो तापाचा कितवा दिवस, चिखलात उतरला होता का, पायाला कुठे कापलंय का, आणि ते फॉर्मवर लिहितो. मग बाकीचे आकडे बघायचे. प्लेटलेट उतरलेत, क्रिएटिनिन चढलंय, बिलिरुबिन चढलंय, लघवीत प्रोटीन जातंय, हे सगळं एका माणसात एकदम दिसलं की रिपोर्टची वाट बघायची नाही, उठून डॉक्टरांकडे जायचं. निदान डॉक्टरांचं, पण ते उठून जाणं आपलं. तुझ्या आजीच्या वेळी त्या सरांनी तेच केलं.

मशीनचं विचारलंस. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एक बाई ताप घेऊन आली, काउंटरवर, म्हणजे पेशी मोजायच्या मशीनवर, टाकलं तर प्लेटलेट १८,०००. नातेवाईकांनी गाडी सांगितली सुद्धा, गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं म्हणून. मला ते पटेना कारण बाई अगदी बरी बसलेली, अंगावर कुठे डाग नाही, हिरडीतून रक्त नाही. स्मिअर, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर, काढून लिशमनचा रंग दिला आणि स्लाईडच्या शेपटाकडे गेलो, जिथे फिल्म पिसासारखी विरळ होत जाते ना तिथे, तर प्लेटलेटचे घोसच्या घोस, करवंदाची जाळी लगडते तसे. मशीन एकेक प्लेटलेट मोजतं, घोस त्याला कळतच नाही. काही माणसांच्या रक्तात ईडीटीएमुळे, म्हणजे रक्त गोठू नये म्हणून ट्यूबमध्ये असतं त्या औषधामुळे, असं होतं, आजार काहीच नसतो. मग निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये परत रक्त घेतलं, आकडा आला १,५३,०००, सायट्रेटमुळे रक्त थोडं पातळ होतं म्हणून १.१ ने गुणायचं, म्हणजे १,६८,००० च्या आसपास. गाडी परत पाठवली. आता सांग, मशीनच सगळं करतं का?

आणि कोकणात लॅब चालवणं हे वेगळंच शिक्षण आहे जे पुण्याच्या पुस्तकात नाही. पावसाळ्यात मायक्रोस्कोपच्या लेन्सला बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, एकदा आत गेली की लेन्स गेलीच. आम्ही रात्री मायक्रोस्कोप बंद पेटीत ठेवतो, आत सिलिका जेलची पुरचुंडी. निळे खडे गुलाबी झाले की ओल प्यायले समजायचं, तापवून परत निळे करायचे. स्लाईड पण हवेतल्या ओलीने लवकर सुकत नाही, हळू सुकली की लाल पेशींमध्ये चमकणारी भोकं पडतात आणि नवीन पोरं त्यालाच मलेरिया म्हणतात. म्हणून स्मिअर ओढली की लगेच पंख्याखाली. स्टेनसाठी, म्हणजे स्लाईड रंगवायला, विहिरीचं पाणी वापरायचं नाही, बफर ६.८ पीएचचंच, पाणी आंबट असलं की सगळं लालभडक दिसतं, उलट असलं की निळं-निळं.

२०१६ मध्ये दोडामार्गात माकडताप आला तेव्हा आमची खरी परीक्षा झाली. हा आजार पहिल्यांदा १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला, गोचिडीतून पसरतो, आपल्याकडे काजूच्या बागेत नि जंगलात जाणारी माणसं आडवी पडायला लागली. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत, पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट कमी, मलेरिया नाही, आणि माणूस विचारलं की सांगायचा आमच्या बागेत माकडं मेलेली. विषाणूची टेस्ट आमच्याकडे होत नव्हती, पण सँपल तीन थरांच्या पॅकिंगमध्ये, बर्फासकट, कागदपत्रासकट वेळेत बाहेर पाठवणं हे आम्हीच केलं, एक ट्यूब सांडली असती तर गाडीवाल्यापासून सगळ्यांना धोका.

मी स्वतः डीएमएलटी केलं आहे, डिग्री नाही. पण तेव्हाचे दिवस वेगळे होते, त्यावर इथले मायक्रो_मास्तर बोलतील तर बरं, ते शिकवतात. घाबरू नको गो बाय, तुझ्यात जे लागतं ते आहे.

चिपळूणची_ताई

स्लाईडवाल्यांनी सगळं छान लिहिलंय पण पगाराचं कोणी बोलत नाही म्हणून मी लिहिते. मी खाजगीत ११ वर्षं. पहिला पगार ६,००० होता, सकाळी साडेसहाला लॅब उघडायची, फास्टिंगवाले पेशंट दारात उभे, दुपारी दोन तास घरी, परत संध्याकाळी आठपर्यंत. आता बरा मिळतो पण सरकारी माणसाच्या अर्ध्यापेक्षा कमीच. एनएचएमच्या, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या, जागा असतात पण कंत्राटी, दरवर्षी ऑर्डर येईपर्यंत जीव टांगणीला. जिल्हा परिषदेची भरती निघते, प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या जागा असतात पण मोजक्या आणि कधी निघतील त्यावर संसार उभा नाही करता येत. हे सगळं आधी कळलेलं बरं.

आणि कुठे काम करतेस ते महत्त्वाचं. माझी पहिली लॅब, नाव नको, तिथे कंट्रोल चालवायचेच नाहीत. कंट्रोल म्हणजे ज्याचा आकडा आधीच माहीत आहे असं सीरम, ते रोज सकाळी पेशंटच्या आधी मशीनवर लावायचं, आकडा तक्त्यावर मांडायचा, लेव्ही-जेनिंग्ज चार्ट म्हणतात त्याला. मधल्या रेषेच्या आसपास राहिला तर मशीन ठीक, दोन एसडीच्या, म्हणजे ठरलेल्या चढउताराच्या दुप्पट, बाहेर गेला तर थांबून बघायचं, तीनच्या बाहेर गेला तर काम बंद. मालक म्हणायचे कंट्रोलची बाटली महाग आहे, आठवड्यातून एकदा लाव आणि बाकीचे दिवस तक्ता भरून टाक. मी दोन महिने भरला. नंतर एका म्हाताऱ्यांची शुगर दोन दिवसात एवढी वेगळी आली की त्यांनी गोळ्याच बंद केल्या. त्या दिवशी नोकरी सोडली. अजून तो तक्ता डोळ्यासमोर येतो, माझ्याच अक्षरातला. तुला असं कोणी करायला सांगितलं तर पहिल्या दिवशी नाही म्हण, दोन महिने थांबू नको.

मशीनबद्दल अजून एक. एकदा पोटॅशियम आलं ११ आणि कॅल्शियम ३. पेशंट बाहेर बाकावर वडापाव खात बसलेला. ११ पोटॅशियमचा माणूस वडापाव खात नाही. चौकशी केली तर कलेक्शनच्या मुलाला पिवळ्या ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं म्हणून त्याने जांभळ्यातलं ओतलं. जांभळ्यात ईडीटीए असतं, ते पोटॅशियमचंच मीठ, आणि कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणजे एक वाढणार एक कोसळणार. म्हणून रक्त घेताना झाकणांचा क्रम पाळायचा असतो, कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून बघायची, बाटली आधी, मग निळी, मग लाल-पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी करडी. कॉलेजात हे पाठ करून घेतात, का ते सांगत नाहीत.

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमची लॅब माळ्यापर्यंत पाण्यात होती. अॅनालायझर, सेंट्रिफ्यूज, फ्रीज, सगळं. पाणी ओसरल्यावर चिखल उपसताना मला वाटलं संपलं आता. पण शहरात ताप सुरू झाला आणि लोक दारात यायला लागले, लॅब उघडणार कधी म्हणून. एका शाळेच्या खोलीत टेबल टाकून हाताने काउंट केले, न्यूबॉर चेंबरवर, म्हणजे चौकोन आखलेल्या काचेवर, हिमोग्लोबिन साहलीच्या नळीवर, जुन्या पद्धतीने. ज्यांना मशीनशिवाय येत होतं तेच कामाला आले. तर हाताने करायला शिक, नीट शिक.

खाडीपार_खेड

अस्सलामुअलैकुम. मी खेड तालुक्यातला, आता ओमानमध्ये हॉस्पिटल लॅबला, ७ वर्षं. आमच्या खाडीपट्ट्यात घरटी एक माणूस गल्फला, तेव्हा हा रस्ता पण माहीत असू दे. इकडे यायचं तर साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात, सर्टिफिकेटची डेटाफ्लो तपासणी होते म्हणजे ते लोक थेट तुझ्या कॉलेजला नि बोर्डाला विचारतात खरं की खोटं, आणि तिकडच्या लायसन्ससाठी प्रोमेट्रिकची परीक्षा. डिग्रीवाल्याला टेक्नॉलॉजिस्ट धरतात, डिप्लोमावाल्याला टेक्निशियन, पगारात फरक पडतो. माझ्याबरोबर मुलाखत दिलेला आमच्याकडचाच एक मुलगा, हात माझ्यापेक्षा चांगला त्याचा, पण त्याने अशाच एका सहा महिन्यांच्या संस्थेतून केलेलं. डेटाफ्लोला संस्थेचा फोनच लागेना, बंद झालेली. एजंटला दिलेले पैसे गेले, तो परत घरी. बहीण म्हणून सांगतो, गॅरंटी शब्द ऐकलास की त्या दारातून बाहेर पड.

मायक्रो_मास्तर

मी रत्नागिरी जिल्ह्यात शिकवतो, मायक्रोबायोलॉजी. सहा महिन्यांच्या कोर्सचा विषय आधी संपवू या. २०२१ मध्ये केंद्राने अलाईड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा केला, त्यात लॅबचं क्षेत्र स्वतंत्र व्यवसाय म्हणून धरलं आहे. त्या कायद्यात किती तास शिकायचं ते लिहिलंय, डिप्लोमा किंवा डिग्री असलेल्या अलाईड हेल्थ प्रोफेशनलला कमीत कमी २,००० तास, दोन ते चार वर्षांत, आणि हेल्थकेअर प्रोफेशनल म्हणायचं तर डिग्री, ३,६०० तास, तीन ते सहा वर्षांत. सहा महिन्यांत २,००० तास म्हणजे रविवार धरून रोज अकरा तास, तू सायन्सची आहेस, तूच गणित कर. राज्यात पण २०११ चा परावैद्यक परिषदेचा कायदा आहे, तिच्याकडे नोंदणी होईल अशीच संस्था घ्यायची. फी भरायच्या आधी संस्थेला सरळ विचार, तुमच्या मागच्या बॅचच्या मुलांची परिषदेकडे नोंदणी झाली आहे का, मला दाखवा. खरी संस्था दाखवते.

डिप्लोमा की डिग्री, यावर माझं मत डिग्रीच्या बाजूने आहे. आरोग्य विद्यापीठाचा, नाशिकच्या एमयूएचएसचा, बीपीएमटी हा डिग्री कोर्स आहे लॅबोरेटरी टेक्निशियनचा, तीन वर्षं आणि पुढे इंटर्नशिप, मेडिकल कॉलेजांना जोडलेला. आता आपल्याकडे पण सरकारी मेडिकल कॉलेजं आली, सिंधुदुर्ग आणि अलिबाग २०२१ ला, रत्नागिरी २०२३ ला. कुठल्या कॉलेजला कुठला कोर्स यंदा सुरू आहे ते माहितीपत्रकात बघ, पण जिथे मेडिकल कॉलेज आहे तिथे ब्लड बँक आहे, हिस्टोपॅथॉलॉजी, म्हणजे काढलेल्या गाठीच्या तुकड्यांची तपासणी, आहे, कल्चर होतात, रात्रीची इमर्जन्सी आहे. हातात येणारं सँपल वेगळं असतं. घरची परिस्थिती बघता तीन-चार वर्षं जमणारच नसतील तर मान्यता असलेला दोन वर्षांचा डीएमएलटी, नोकरी करत पुढे डिग्री. स्लाईडवाले तसेच उभे राहिले आणि त्यांच्यासारखी नजर माझ्या डिग्रीवाल्या मुलांत पण क्वचित दिसते, हे कबूल करतो.

संस्था बघायला गेलीस की इमारत नि एसी बघू नको. लॅबमध्ये जा आणि विचार रोज किती सँपल येतात आणि ती विद्यार्थ्यांच्या हाताखालून जातात का. मुलं नुसती काचेबाहेर उभी राहून वही भरत असतील तर परत फिर. मी अशी पदवीधर मुलं बघितली आहेत ज्यांना झील-नेल्सनच्या, म्हणजे टीबीचा जंतू रंगवायच्या पद्धतीच्या, सगळ्या पायऱ्या तोंडपाठ, आणि स्लाईडवर टीबीचा जंतू समोर असून दिसत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर लाल बारीक काडी, किंचित वाकलेली, अख्ख्या शंभर फील्डमध्ये कधी दोनच असतात. तो डोळा आठवड्यात बसत नाही. आता टीबीला ट्रूनॅटसारखी मशीन आली, ते तर आपल्या शेजारी गोव्यातच तयार झालं, त्यात जंतूचे जनुकच सापडतात आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध लागू पडेल की नाही ते पण कळतं. पण थुंकी आणून दिली ती खरंच छातीतली आहे की नुसती लाळ, ते बघून परत आणायला सांगणारा माणूसच लागतो. लाळ टाकलीस तर कितीही भारी मशीन निगेटिव्हच सांगणार.

एक राहिलं. पुढे स्वतःची लॅब टाकायचं मनात असेल तर आत्ताच माहीत असू दे, डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लॅब रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही पाहिजे. म्हणजे एकटीच्या सहीवर रिपोर्ट द्यायचा विचार करू नको, पॅथॉलॉजिस्टबरोबर काम करायचं.

स्लाईडवाला_कुडाळ

मास्तर बरोबर बोलतात, सहीवरून आमच्या लाईनीत भांडणं फार, पण त्यात हिला आत्ता नको ओढायला. डिग्री होत असेल तर डिग्रीच कर. मी डिप्लोमावर राहिलो त्याचं प्रमोशनच्या वेळी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

बागेतला_माणूस

मी लॅबवाला नाही, राजापूरकडचा शेतकरी. आमच्या पीएचसीत सकाळी दिलेलं रक्त दुपारच्या गाडीने तालुक्याला जातं. शुगर नेहमी कमी यायची, डॉक्टर गोळी कमी करायचे, आणि मला चक्कर, तहान, सगळं तसंच. नवीन आलेल्या लॅबच्या मुलीने करड्या झाकणाची ट्यूब वापरायला सुरुवात केली आणि आकडा खरा यायला लागला. तिने मला समजावून सांगितलं की काका रक्त बाहेर काढलं तरी पेशी आतली साखर खात राहतात, तासाला पाच-सात टक्के, उन्हात अजून जास्त. त्या करड्यातल्या औषधाने ते खाणं थांबतं. एवढं सोपं करून मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मुली, शिक तू हे. गावाला लागतात अशी माणसं.

देवगडची_मुलगी

सगळ्यांचे खूप खूप आभार, मी हे सगळं बाबांना वाचून दाखवलं, ताईंचं पुराचं वाचताना आई पण येऊन बसली. सहा महिन्यांचा विषय बंद. बाबांनी राजापूरच्या काकांचं दोनदा वाचायला लावलं कारण त्यांना पण शुगर आहे.

पण एक भीती आहे ती सांगते, हसू नका. मला सुईची भीती नाही, सुई लागली तर काय त्याची आहे. एचआयव्ही, कावीळ. आईला पण तेच वाटतं. आणि लहान मुलांचं रक्त काढताना ती ओरडतात तेव्हा हात थरथरणार नाही का?

चिपळूणची_ताई

हसायचं कशाला, ज्याला ही भीती नसते त्यालाच सुई लागते. मला लागली होती, तिसऱ्या वर्षी, सुईला परत टोपण घालताना. ती चूक माझी, वापरलेल्या सुईला टोपण घालायचंच नसतं, थेट सुई तोडायच्या मशीनमध्ये नाहीतर पांढऱ्या पंक्चर न होणाऱ्या डब्यात. लागली तर बोट दाबायचं पिळायचं नाही, तोंडात तर अजिबात घालायचं नाही, साबण आणि वाहतं पाणी, आणि लगेच डॉक्टरला सांगायचं. लाज वाटते म्हणून लपवतात पोरं, तेच घातक. एचआयव्हीसाठीची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि दोन तासांत झाली तर सगळ्यात चांगलं, महिनाभर, २८ दिवस घ्यायची. मी घेतली, मळमळ झाली, सहा महिने जीव खालीवर, सगळं निगेटिव्ह आलं. कावीळ बी ची, म्हणजे हिपॅटायटिस बी ची, लस मात्र कोर्स सुरू व्हायच्या आधीच घे, तीन डोस, आज, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी, आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटीबॉडी टायटर, म्हणजे अंगात किती अँटीबॉडी झाल्या ती तपासणी, करून १० च्या वर आहे ना बघ. कॉलेज देत नसेल तर स्वतः घे, आईला सांग हा खर्च फीच्या आधीचा.

लहान मुलांचं सांगते. आधी आईच्या मांडीवर घट्ट धरायला सांगायचं, शीर बोटाने शोधायची, डोळ्यांनी नाही, दाबल्यावर स्प्रिंगसारखी परत येते ती शीर. स्पिरिट लावल्यावर सुकू द्यायचं, ओल्या स्पिरिटवर टोचलं की जास्त झोंबतं. दोन वेळा टोचून नाही मिळाली तर तिसऱ्यांदा दुसऱ्याला बोलवायचं, त्यात कमीपणा नाही. पहिल्या वर्षी माझा हात थरथरायचा. नंतर रडणं ऐकू येतं पण बोट शिरेवरच राहतं.

देवगडची_मुलगी

अपडेट देते. मागच्या आठवड्यात बाबांबरोबर त्याच हॉस्पिटलात गेले जिथे आजीचं रक्त दिलेलं. खिडकीतून सांगितलं की मला लॅबचं शिकायचंय, एकदा आतून बघता येईल का. तेच सर होते! आजीचं नाव त्यांना आठवत नव्हतं पण क्रिएटिनिनचा आकडा सांगितला तर लगेच म्हणाले हो हो, लावणीच्या दिवसातली. साहेबांची परवानगी घेऊन, अॅप्रन देऊन मला आत बसवलं.

बंदरावरच्या एका खलाशाची मलेरियाची स्लाईड होती, पॉझिटिव्ह, ठेवून दिलेली. त्यांनी तेलाचा थेंब टाकून लेन्स खाली आणली आणि म्हणाले तू फोकस कर. मला पंधरा मिनिटं लागली, आधी नुसतं गुलाबी धुकं, मग एकदम पेशी स्वच्छ दिसल्या, गोल गोल, आणि एका पेशीत बारीक निळी अंगठी, तिच्यावर लाल खडा. एवढीशी. सर म्हणाले अजून शोध, मला अजून तीन सापडल्या. मग ते म्हणाले जाड थेंबात मलेरिया आहे की नाही ते लवकर कळतं आणि पातळ फिल्ममध्ये कुठल्या जातीचा ते कळतं, दोन्ही बघायची सवय लाव. हत्तीरोगाच्या सर्व्हेचं पण सांगितलं, रात्री आठनंतर किनाऱ्यावरच्या वाड्यांमध्ये बॅटरी घेऊन जायचे कारण त्या अळ्या रात्रीच रक्तात वर येतात. बाबा बाहेर दीड तास बसले, एकदा पण हाक मारली नाही.

डिग्रीचा फॉर्म भरतेय, नाही लागला तर डीएमएलटी, मान्यतेचं बघूनच. कावीळ बी चा पहिला डोस काल घेतला. काकांना फोन बाबांनीच केला. आता फक्त एक विचारायचं होतं, अॅप्रन आत्ताच शिवून घेऊ का कॉलेजमध्ये मिळतो?

स्लाईडवाला_कुडाळ

शिवून घे, दोन. पूर्ण बाहीचे, कॉटनचे, मनगटाला बटण. पावसात एक सुकत नाही. आणि पायात बंद बूट, चप्पल अजिबात नको.